खिमा आमचा, पाव वकिलांचा

आमचे हे मुंबईला गेले, तिथं एका इराण्याच्या हॉटेलात त्यांनी खिमा-पाव खाल्ला आणि परत आले ते समाजसुधारक होऊनच.

हे सोलापुरातल्या एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. कापडाच्या कसल्याशा नमुन्यांवरून मुंबईच्या व्यापाऱ्याशी तंटा झाला होता, तो मिटवायला ह्यांना पाठवलं होतं. तंटा मिटला की नाही ते मला आजतागायत कळलेलं नाही. घरी आल्यावर हे बोलत होते ते त्या हॉटेलाबद्दल. संगमरवरी टेबल, त्यावर बशी, बशीत पाव आणि पावाच्या पोटात गरम गरम खिमा. शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय, त्याची जात कोणती, कुणी विचारत नाही. पाट नाही, पंगत नाही, आधी कुणाला वाढायचं हा प्रश्न नाही. हिंदुस्थानात एकी व्हायची असेल तर ती ताटावर व्हायची नाही, पावावर होईल, असं ह्यांनी मला सांगितलं. मी तेव्हा भाकरी थापत होते. मी विचारलं, दुसरी घालू का. म्हणाले, घाल.

दर रविवारी सकाळी आमच्या सोप्यात ह्यांचं मंडळ भरायचं. मंडळाला नाव होतं, नियम होते, अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदारही होते. सभासद म्हणजे हेच तिघे. अध्यक्ष होते एक तरुण वकील, ब्राह्मण, बोलायला लागले की समोरच्याच्या चहावर साय धरायची. चिटणीस आमचे हे. खजिनदार एक लिंगायत आडतवाले. मार्केटात त्यांची भुसाराची आडत होती. कपाळावर ठसठशीत विभूती, गळ्यात लिंग, आणि अर्धं बोलणं मराठीत तर अर्धं कानडीत. समाज सुधारावा असं त्यांना फारसं वाटत नसे, पण रविवारी दुकान बंद असायचं आणि त्यांना आमच्याकडचा चहा आवडायचा.

ह्यांनी मुंबईची हकीकत सांगितली त्या रविवारी मंडळानं सहभोजनाचा ठराव केला. आडतवाले म्हणाले, चिवडा करू, सगळ्यांना चालेल. अध्यक्षांनी ती सूचना फेटाळली. "चिवड्यानं जात मोडत नाही," ते म्हणाले. "ज्याच्यात प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागेल असाच पदार्थ हवा."

खिमा-पाव त्या कसोटीला उतरला. वकिलांना त्यांचं शाकाहाराचं व्रत सोडावं लागणार होतं. आमच्या ह्यांना काय सोडावं लागणार होतं ते मला लगेच कळलं नाही, कारण मटण आमच्या घरात होतच होतं. आडतवाल्यांनी हात जोडले. "ब्याड, ब्याड," म्हणाले, म्हणजे नको, नको. आपण खाणार नाही, पण बसायला येऊ. त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी नुसतं बसणं हेही भोजनच समजावं असं ठरलं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

मग प्रश्न आला जागेचा.

आमच्या घरी करावं असं ह्यांच्या मनात होतं. पण आमच्या घरी सासूबाई होत्या. त्या बार्शीकडच्या खेड्यातल्या. मटणाला त्यांची ना नव्हती. उलट त्यांच्या हातचा रस्सा खायला गावाकडची माणसं वाट वाकडी करून येत. त्यांचा राग पावावर होता. त्यांच्या लहानपणी कुठल्याशा गावात पाद्र्यानं विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यालेलं सगळं गाव बाटलं, ही गोष्ट त्यांनी ऐकलेली होती आणि ती त्यांना डोळ्यांनी पाहिल्यासारखी आठवत होती. त्यातून आमच्या अंगणात आड. ह्यांनी नुसता विषय काढला तर सासूबाईंनी आधी उठून आडावर फळी टाकली.

"पायानं तुडवत्यात त्ये पीठ," त्या म्हणाल्या. "वर ताडी घालत्यात. मटान कर, दहा मानसं बलीव, मी न्हाई म्हनत न्हाई. पर त्यो पाव हुंबऱ्याच्या आत आला तर मी गावाला जाईन."

वकिलांच्या घरचा कायदा ह्याच्या बरोबर उलटा होता. त्यांच्या मुलीला विषमज्वर झाला होता तेव्हा डॉक्टरांनी दूध-पाव सांगितला होता. तेव्हापासून पावाला त्या घरात औषध म्हणून परवानगी होती. बाहेरच्या खोलीत कायद्याच्या पुस्तकांशेजारी एका डब्यात तो राहायचा आणि मुलगी बरी झाली तरी वकीलसाहेब स्वतः ते औषध चहाबरोबर घेत. मटणाचं मात्र नावही काढायची सोय नव्हती. वकिलांचे वडील पेन्शनर होते. दिवसभर ओटीवर बसून ते कोण काय खातो यावर नजर ठेवीत.

म्हणजे खिमा आमच्या घरात चालणार, पाव वकिलांच्या घरात चालणार, पण दोघांची गाठ पडेल असं छप्पर सबंध सोलापुरात नव्हतं. कुणी म्हणालं तलावाकाठी जावं, तर तिथं सिद्धेश्वराचं देऊळ. मळ्यात जावं, तर मळा आडतवाल्यांचा.

वाट वकिलांनीच काढली. स्टेशनच्या अंगाला ते नवा बंगला बांधत होते. भिंती खिडक्यांच्या वर आल्या होत्या, छप्पर नव्हतं. वास्तुशांत व्हायची होती. त्यांनी मुद्दा असा मांडला की वास्तुशांत झालेली नाही तोवर ती जागा म्हणजे घर नव्हे, आणि घर नव्हे तिथं घरचे नियम लागू होत नाहीत. कोर्टात ते फारसे जिंकत नसत, पण हा मुद्दा बिनतोड होता.

पहिल्या सहभोजनाला मी नव्हते. बायकांना बोलावण्याचा विचार मंडळात निघालाच नव्हता. मी फक्त खिमा केला. ह्यांनी खाटकाकडून मटण आणलं तेच मुळी रुसवा घेऊन. मटणाचा खिमा करून मागितला म्हणून खाटीक दुखावला होता. चांगल्या मांडीचा चुरा कशाला करता, तुमचा माझ्यावर भरवसा नाही का, असं तो म्हणाला होता. सासूबाईंनाही तो प्रकार पटला नाही. तुकडा दिसत नाही ते मटण कसलं, असं त्यांचं म्हणणं. तरी मी कांदा लालसर परतला, आलं-लसणाचं वाटण घातलं, सुकं खोबरं भाजून लावलं, काळा मसाला घातला आणि ह्यांनी सांगितल्याप्रमाणे खिमा अंगाबरोबर ठेवला. मी आंघोळीला गेले तेवढ्यात सासूबाईंनी त्यात तांब्याभर गरम पाणी ओतलं. पाहुण्यांना कोरडं मटण वाढलं तर लोक काय म्हणतील, ही त्यांची काळजी. बाहेर आले तर पातेल्यात खिमा तळाला बसलेला आणि वर झकास लाल तर्री. आटवायला वेळ नव्हता. ह्यांनी तो पितळी डब्यात भरला, डबा सायकलला टांगला आणि गेले.

संध्याकाळी आले ते धोतर तांबडं करून. सभा कशी झाली विचारलं, तर म्हणाले, अध्यक्षांचं भाषण उत्तम झालं. डबा गार झाला, वर चरबीचा थर धरला, तो फोडून पावात रस्सा भरला तर पाव चिखल झाला आणि रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत गेला, हे मला हळूहळू कळलं. आडतवाले आपल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात लांबून बघत होते. त्यांचे कपडे तेवढे स्वच्छ राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात टांगा थांबला आणि वकिलीणबाई उतरल्या. त्यापूर्वी त्या आमच्याकडे कधी आल्या नव्हत्या. माझ्याच वयाच्या, नाजूक, नाकात मोत्यांची नथ. हातात एक बोचकं. सासूबाईंनी त्यांना घोंगडी अंथरून दिली. त्या बसल्या, बोचकं सोडलं आणि त्यातून वकीलसाहेबांचा पांढरा कोट काढला. बाह्यांवर कोपरापर्यंत तांबडे ओघळ होते.

"बांधकामावर गवंड्याची तांबडी माती लागली, असं सांगितलंय मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "ह्या मातीत लसूण आहे."

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी कोट हातात घेतला, बाही नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "खोबरं जरा जास्ती भाजलं गेलंया."

आता भांडण होणार असं मला वाटलं. पण वकिलीणबाई भांडायला आल्या नव्हत्या. डाग कसा काढायचा ते विचारायला आल्या होत्या, कारण कोट धोब्याकडे दिला तर धोबी ओळखणार होता. सासूबाईंनी रिठे आणि गरम पाणी काढलं. दोघी अंगणात कोट चोळत बसल्या. कोट चोळता चोळता वकिलीणबाईंनी विचारलं की पुन्हा कधी आहे. मी म्हणाले, पुढच्या रविवारी, पण मी पुन्हा डबा देणार नाही, खिमा तिथंच चूल मांडून करावा लागेल. त्यांनी मान हलवली. बांधकामावर घरच्या माणसानं लक्ष ठेवायला हवं, असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं, म्हणाल्या.

त्या रविवारी मंडळाला बायका मिळाल्या. ह्यांना ते अवघड वाटलं, पण गार रश्शाची आठवण ताजी होती. मी पातेलं, तवा आणि मसाला घेतला. निघताना सासूबाई लुगड्याचा पदर खोचून टांग्यात येऊन बसल्या. कशाला येता विचारलं तर म्हणाल्या, पोरगा तो पाव खातो की काय ते बघायला. टांग्यात त्यांच्या मांडीवर एक गाडगं होतं, त्यात काय आहे ते सांगेनात.

बंगल्यात स्वयंपाकघर व्हायचं होतं तिथं आम्ही तीन दगड मांडले. वर उघडं आभाळ, एका कोपऱ्यात चुन्याचा ढीग. दिवाणखाना व्हायचा होता तिथं मंडळाची सतरंजी पसरली होती. मधल्या भिंतीला दार बसलं नव्हतं, त्यामुळे भाषण आम्हाला ऐकू येत होतं. वकीलसाहेबांनी जगाच्या इतिहासापासून सुरुवात केली. मी कांदा परतला तेव्हा ते ग्रीसमध्ये होते.

खिमा शिजत आला तेव्हा सासूबाईंनी गाडगं सोडलं. त्यात येसूर होता. बाजरी, गहू, डाळ भाजून मसाल्यासकट दळलेलं ते पीठ आमच्याकडे मटणाच्या रश्शाला लावतात. पाणी घालायचं की नाही यावर आठवडाभर आमची धुसफूस चालली होती. त्यावर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. त्यांनी पाणी घातलंच, पण वर मूठभर येसूरही भुरभुरला. रस्सा आळला, खिम्याला धरून राहिला. पळी उपडी केली तर लगेच पडेना. मला तो बघूनच भूक लागली.

पाव वकिलीणबाईंनी आणले होते, सदर बझारातल्या बेकरीतून, कोर्टाच्या पिशवीत घालून. त्यांनी ते परातीत ओतले तशा सासूबाई चुन्याच्या ढिगापर्यंत मागं सरकल्या. तिकडे अध्यक्ष मानवजातीच्या बंधुत्वावर आले होते. आडतवाल्यांचा हलका घोरण्याचा आवाज येत होता.

वकिलीणबाईंनी एक पाव उचलला, मधून उघडला आणि माझ्यापुढे धरला. मी विचारलं, नक्की का. त्या म्हणाल्या, ते बोलतायत तोवर खाऊन होईल. मी पावात खिमा भरला. त्यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला, बराच वेळ चावला. मग डोळे उघडून दुसरा घेतला. तिसऱ्याला नथ वर उचलून धरली.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. ब्राह्मणाची सून आपल्या हातचं मटण खातेय ह्याचा त्यांना आनंद झाला की धक्का बसला ते सांगता येणार नाही, पण त्या चुन्यापासून पुढं आल्या.

"ती एवढं सोडायला लागली," त्या मला म्हणाल्या, "मग म्या काय सोडू?"

त्यांनी तवा चुलीवर ठेवला, त्यावर तूप सोडलं आणि एक पाव चिमट्यानं, बोट न लावता, उघडून उपडा टाकला. दाबून दाबून लालसर भाजला. "तुपात भाजल्याला इटाळ नसतुया," असं त्यांनी आम्हाला सांगितलं. हा नियम पूर्वी कधी ऐकला नव्हता, पण त्याला विरोध करावा असं आम्हा दोघींना वाटलं नाही. भाजलेल्या पावात खिमा भरून त्यांनी खाल्ला. मग लगेच तव्यावर आणखी तीन पाव टाकले. पाव तुपात भाजला की रस्सा आत मुरत नाही, कड कुरकुरीत राहते, हे आम्हाला तेव्हा कळलं. मी माझा दुसरा पाव खात होते तेव्हा पलीकडे भाषण संपलं आणि टाळ्या ऐकू आल्या. टाळ्या ह्यांच्या एकट्याच्या होत्या.

वकीलसाहेब आत आले. बायकोच्या हातात पाव बघून ते उंबरा बसायच्या जागेवर थांबले.

"तू इथं काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"बांधकाम बघतेय," वकिलीणबाई म्हणाल्या. "चौकटी अजून आल्या नाहीत."

वकीलसाहेबांनी चौकटींबद्दल सुताराला बोलायचं कबूल केलं आणि आपली बशी घेऊन दिवाणखान्यात गेले. पुरुषांनी तिकडे खाल्लं, आम्ही इकडे. मागून मागून त्यांनी पातेलं पुसून नेलं. आडतवाल्यांना मी त्यांच्या चटणीशी नुसता तुपात भाजलेला पाव पाठवला. ते म्हणाले, हे चालेल, आणि तीनदा मागून घेतला. ह्यांनी चिटणीस म्हणून सभेचा वृत्तांत लिहिला आणि सोलापुरातलं पहिलं खरं सहभोजन पार पडलं असं जाहीर करायचं ठरलं.

जाहीर करायची वेळ आली नाही. गावात बातमी आधीच फुटली होती. बहुधा टांगेवाल्यानं सांगितलं असावं.

वकिलांच्या वडिलांनी त्यांना ओटीवर उभं करून जाब विचारला. वकील म्हणाले, मी फक्त पाव खाल्ला, तो तर मी रोजच खातो, डॉक्टरांनीच सांगितलाय. आमचे चुलत सासरे गावाहून खास चौकशीला आले. ह्यांनी त्यांना सांगितलं, मी फक्त खिमा खाल्ला, तोही भाकरीशी. घरचंच मटण, ह्यात बाटण्यासारखं काय आहे. आडतवाल्यांना त्यांच्या मठात विचारणा झाली. त्यांनी सांगितलं, मी आपली चटणी खाल्ली आणि नुसता बसलो होतो. तिघांचंही म्हणणं मान्य झालं. तिघांपैकी कुणालाच प्रायश्चित्त पडलं नाही. खिमा एकानं खाल्ला, पाव दुसऱ्यानं खाल्ला, खिमा-पाव कुणीच खाल्ला नाही, असा एकंदर निकाल लागला आणि वृत्तांत मंडळाच्या पुढच्या बैठकीत रद्द झाला. आम्हा तिघींना कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सासूबाईंनी खरं सांगितलं असतं, मला खात्री आहे.

मंडळानं त्यानंतर स्वदेशी साबणाचा प्रश्न हाती घेतला. बंगल्याचं काम मात्र रेंगाळलं. सुतार चौकटी घेऊन आला की वकिलीणबाईंना त्यात काहीतरी खोट दिसायची आणि त्या स्वतः देखरेखीला जायच्या. देखरेखीला सोबत लागते म्हणून मी आणि सासूबाई जायचो. बांधकामाला तूप कशाला लागतं, असं ह्यांनी एकदा विचारलं होतं. सासूबाईंनी त्यांना साबणाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

शेवटी छप्पर चढलं, दारं बसली, वास्तुशांत झाली आणि वकिलीणबाईंचे सासरे नव्या ओटीवर राहायला आले. आमचं जाणं-येणं हळदीकुंकवापुरतं उरलं. पहिल्याच चैत्रात वकिलीणबाईंनी बोलावलं. दिवाणखाना बायकांनी भरला होता. मला कुंकू लावता लावता त्यांनी खालच्या आवाजात विचारलं की धने भाजून घालायचे की कच्चे. मी म्हणाले, भाजून, आणि खोबरं बेतानं. आलं किती, त्यांनी विचारलं. मी बोटाचं पेर दाखवलं. बाहेरच्या खोलीत एक स्टोव्ह आणलाय, एवढंच त्या म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या एक वयस्कर बाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, आमटी कसली करतेस गं. वकिलीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मसुरीची," मी म्हणाले.

"तिला शिजायला फार वेळ लागतो," वकिलीणबाई म्हणाल्या.

त्या बाईंना ते पटलं नाही. मसूर तर पटकन शिजते, म्हणाल्या, तुझ्या स्टोव्हची वात बघ. आणि आमटी उरली तर वाटीभर आमच्याकडे पाठव, आमच्या ह्यांना मसुरीची फार आवडते, असं सांगून त्या भिजवलेले हरभरे ओटीत घ्यायला पुढं सरकल्या.